मित्राला चित्रपट सुचवताना

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरू लागल्यामुळे नोव्हेंबरमध्ये मांडवीकाठच्या रांगेत उभ्या असलेल्या मित्रांत 'काय पाहू?' हा प्रश्न हमखास निघतो, आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी समोरच्याला शेवटचा कोणता चित्रपट मनापासून आवडला हे विचारून घ्यावे. कथा सांगू नये. पाहताना लक्ष कुठे ठेवावे, तेवढेच सांगावे. उदाहरणार्थ, 'कोर्ट' (२०१४) सुचवताना, त्यात कॅमेरा बराच वेळ एका जागी स्थिर राहतो आणि दृश्य संपले असे वाटल्यावरही थोडा रेंगाळतो, हे आधी सांगितले, तर मित्र कंटाळण्याऐवजी त्या स्थिर चौकटीतली माणसे न्याहाळू लागतो. जुना चित्रपट मात्र एकट्याने पाहायला सांगू नये. 'सिंहासन' (१९७९) आम्ही म्हापशाला एका मित्राच्या घरी, पाव-भाजी खात, एकत्र पाहिला. निळू फुले यांनी साकारलेला पत्रकार दिगू शेवटी भ्रमिष्टासारखा हसू लागला, तेव्हा हातातला पाव हातातच राहिला होता. एका वेळी एकच नाव सुचवावे, कारण दहा नावांची यादी कोणीही पाहत नाही. आठवड्याने आठवणीने विचारावे, आणि त्याला चित्रपट आवडला नसेल, तर वाद न घालता नेमके कुठे मन उडाले ते ऐकून घ्यावे.