जुन्या जीपचा वॉटर पंप स्वस्तात बनवायचाय? नवीन पोरांसाठी थोडा अनुभव

आयटीआय करून गॅरेजला लागलेली किंवा हौसेने जुनी जीप घेऊन बसलेली पोरं सारखी विचारतात की पेट्रोल जीपचा वॉटर पंप (इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवतो तो) भंगारातल्या पार्टवर बनतो का. बनतो, आणि चांगला बनतो, फक्त कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही हे आधी डोक्यात बसलं पाहिजे. मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे उदाहरणं इकडची येतील. पंप म्हणजे महिंद्राच्या सीजे 3बी वगैरे पेट्रोल जीपचा, हरिकेन एफ 134 इंजिनावरचा. त्याच्या आधीच्या विलीजच्या एल 134 चा पंपपण बराचसा तसाच असतो. 134 म्हणजे क्युबिक इंच, आपल्या हिशोबात 2.2 लिटर. डिझेल जीपचा पंप वेगळा, त्यात हे सगळं जसंच्या तसं लावू नका.

आता ह्या कामाला गिऱ्हाईक आहे का, तर आहे. 2021 ला केंद्राने 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले, तेव्हापासून शेडमध्ये पडलेल्या जीपा लोक बाहेर काढायला लागलेत. आणि वर्षानुवर्षं साधं पाणी भरून चालवलेल्या गाडीत पंप हमखास गेलेला असतो.

पहिलं म्हणजे भंगारात काय बघायचं. बॉडी, इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक), फॅनचा हब (शाफ्टवरचा, फॅन बसतो तो तुकडा), पुली, बोल्ट हे भंगारातून घ्या, बिनधास्त. बेअरिंग आणि सील मात्र नवीनच. ह्यावर माझ्याशी वाद घालू नका. शाफ्टसकट येणारं बेअरिंग कारखान्यातूनच ग्रीस भरून सील केलेलं असतं, ते धुऊन परत ग्रीस भरायचा प्रकार जे करतात त्यांची गाडी परत दारात येते, आणि वाचलेले पैसे दुसऱ्यांदा रेडिएटर सोडायच्या मजुरीत जातात.

बॉडी घेताना तीन गोष्टी. एक, सील जिथे घासतं तो आतला सपाट भाग, म्हणजे फेस. ह्या जुन्या पंपात सील इंपेलरच्या वाटीत बसून इंपेलरबरोबर फिरतं आणि त्याचा वॉशर बॉडीच्या फेसवर घासतो, त्यामुळे तिथे गंजाचे खड्डे असतील तर कितीही भारी सील घाला, गळणारच. हलके खड्डे लेथवर जातात, पण टर्नरला सांगायचं की फेस साफ होईल एवढंच घे, कारण जेवढं जास्त घ्याल तेवढं सील फेसवर कमी दाबलं जातं. दोन, बेअरिंगचं भोक. व्हर्नियरने नुसतं एका बाजूला माप घेऊ नका, आडवं उभं दोन्ही घ्या, जुनं बेअरिंग जाम होऊन त्याची बाहेरची रेस (कडी) बॉडीत फिरली असेल तर भोक अंडाकृती झालेलं असतं. तीन, तडे, बोल्टच्या कानांजवळ विशेष. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तडा वेल्डिंगने जातो असं सांगणारे भेटतील, पण दुसरी बॉडी शोधणं स्वस्त पडतं.

भंगारवाल्याकडे किलोवर माल मिळतो तोपर्यंतच मजा आहे. "जीपचा पंप आहे का" असं विचारलं की भाव वाढला म्हणून समजा, त्यापेक्षा ढिगात स्वतः हात घाला. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत कुर्ल्याकडे, आमच्याकडे उद्यमनगरच्या आसपास. खिशात व्हर्नियर, छोटा चुंबक आणि जुन्या पंपाच्या मापांचा कागद. हा कागद म्हणजेच खरी बचत. शाफ्टचा व्यास, बेअरिंगचा बाहेरचा व्यास, बेअरिंगची लांबी, पुढे मागे शाफ्ट किती बाहेर आहे, इंपेलरचा व्यास, हे लिहिलेलं असेल तर भलत्याच गाडीचं बेअरिंगसुद्धा कामाला येतं. बाहेरून 30 मिमी आणि शाफ्ट 16 मिमीच्या आसपास ही जोडी कितीतरी पंपांत सापडते, लांबी तेवढी वेगळी. लांब शाफ्ट कापता येतो (ग्राइंडरने, हळूहळू, ओलं फडकं गुंडाळून, बेअरिंग गरम झालं की आतलं ग्रीस आणि सील दोन्ही संपलं), आखूड शाफ्टचं काहीच करता येत नाही.

खोलताना हातोडा लांब ठेवा. आधी पुलरने हब काढा, मग बॉडीच्या खाचेतून बेअरिंग अडकवणारी तार ओढून काढा. ही तार गंजून दिसेनाशी होते आणि पोरं ती न काढताच प्रेस मारतात, मग बॉडी फुटते. तार निघाली की बॉडीला आधार देऊन इंपेलरच्या बाजूने शाफ्ट दाबायचा, शाफ्ट बेअरिंगसकट पुढून निघतो आणि इंपेलर मागे राहतो. हायड्रॉलिक प्रेस नसेल तर लेथवाल्याकडे असतोच, त्याच्याशी संबंध चांगले ठेवा, खरंतर ह्या धंद्यात मेकॅनिकपेक्षा टर्नरची ओळख जास्त कामाला येते.

गंज काढायला ॲसिड वगैरे नको. खराब झालेला काळा गूळ किंवा काकवी, एक भाग, नऊ भाग पाणी, आणि बॉडी त्यात आठवडा दोन आठवडे बुडवून ठेवा. वास सुटतो, घरचे ओरडतात, पण गंज जातो आणि चांगलं बीड खात नाही. ॲल्युमिनियमचा पार्ट मात्र ह्यात टाकू नका.

इंपेलर कुठेच मिळाला नाही तर ओतून घेता येतो, कोल्हापुरात फाउंड्र्यांना तोटा नाही. पण जुनाच इंपेलर पॅटर्न (साचा करायचा नमुना) म्हणून दिला तर नवीन पीस छोटा येतो, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणजे 80 मिमीचा इंपेलर जवळजवळ मिलिमीटरभर लहान, शिवाय मशीनिंगला माल हवा तो वेगळाच. म्हणून पॅटर्नवर आधी पुट्टीचा थर चढवायचा. एका पीससाठी फाउंड्रीवाला तोंड वाकडं करतो, चार-पाच जणांनी मिळून ऑर्डर द्या.

जोडताना एक नियम, जो पार्ट घट्ट बसतोय त्यालाच दाबायचं. बेअरिंग बॉडीत घालताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर, शाफ्टवर दाबलं तर आतल्या गोळ्यांचे डाग रेसवर पडतात आणि पंप पहिल्या दिवसापासून कुरकुरतो. बेअरिंगची खाच बॉडीच्या खाचेसमोर आली की तार घाला. मग सील, बसवण्याआधी ब्रेक ऑइलात बुडवून घ्यायचं, साधं इंजिन ऑइल नको, रबर फुगतं. इंपेलर दाबताना शाफ्टच्या पुढच्या टोकाला आधार, इंपेलर शाफ्टच्या टोकाशी सपाट होईपर्यंत. हब दाबताना उलट, मागच्या टोकाला आधार. हातात धरून फिरवून बघा, कुठेही घासता कामा नये.

बॉडीखाली एक बारीक भोक असतं, सीलमधून झिरपलेलं पाणी बेअरिंगपर्यंत न जाता बाहेर पडावं म्हणून. ते भोक एम-सीलने बुजवलेले पंप मी इतके बघितलेत की काय सांगू. गळती थांबल्यासारखी वाटते, पण पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं, आणि बेअरिंग गेलं की फॅन हलून रेडिएटरमध्ये घुसतो. भोक तारेने साफ करा, कधीही बुजवू नका.

पंप आणि इंजिनमधलं पॅकिंग बाजारात मिळालं नाही तर पॅकिंग पेपर बॉडीवर ठेवून छोट्या हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत जा, आकार आपोआप कापला जातो, लोकं कात्रीने तासभर घालवतात.

गाडीवर चढवायच्या आधी टेस्ट करा. जाड पत्रा आणि रबरशीटने मागचं तोंड बंद, एका पाईपला सायकलचा व्हॉल्व्ह, दुसऱ्याला बूच, पाण्याच्या बादलीत पंप बुडवून हवा भरायची, रेडिएटरच्या कॅपवर जेवढं प्रेशर लिहिलंय त्याच्या थोडी वर, जास्त नको. शाफ्ट हाताने फिरवत राहायचं आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं.

गाडीवर बसवल्यावर फॅनची पाती वाकडी आहेत का बघा, वाकडा फॅन नवीन बेअरिंग खातो. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच दबला पाहिजे, तारेसारखा ताणलात तर सगळा ताण पंपाच्या बेअरिंगवर. पाण्याबरोबर कूलंट घालायला गिऱ्हाइकाला पटवा. सुरुवातीला खालच्या भोकातून एखाद-दोन थेंब आले तर घाबरू नका, सील फेसवर बसायला थोडा वेळ घेतं, पण इंजिन दोन-तीनदा गरम-गार झाल्यावरही थेंब चालूच असेल तर पंप उतरवा. आणि बेल्ट नवा घातला असेल तर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा, तो तेवढ्यात ढिला पडलेला असतो.