लॅपटॉप चालू होत नाही? फाइल्स वाचवायच्या असतील तर या चुका टाळा

लॅपटॉप बंद पडला की तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "गेलं सगळं!" बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं. तुमच्या फाइल्स असतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क). बिघडलेला असतो चार्जर, रॅम, स्क्रीन, मदरबोर्ड, नाहीतर नुसतं विंडोज. डिस्क ठणठणीत असतानाही लोकांचे फोटो, हिशेब, प्रबंध जातात, ते नंतरच्या घाईत. म्हणून आधी फाइल्स, मग दुरुस्ती, हा क्रम कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नका.

काय बंद पडलंय ते न बघताच दुकान गाठणं

चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, चार्जर लावून पुन्हा चालू करून बघा. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय आणि स्क्रीन मात्र काळीच आहे? एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर बिघाड स्क्रीनचाच आहे, फाइल्स लगेच पेनड्राइव्हवर घेता येतील.

चहा किंवा पाणी सांडलं असेल तर यातलं काहीच करू नका. चार्जर काढून ठेवा आणि चालू करून बघण्याचा मोह आवरा. तांदळाच्या डब्यात ठेवून आतला ओलावा जात नाही.

"विंडोज नव्याने टाकून द्या" म्हणणं

सर्वाधिक फाइल्स इथेच जातात. काउंटरवर विचारतात, "डेटा पाहिजे का?" आणि गिऱ्हाईक सांगतं, "सी ड्राइव्हवर काही नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे." पण डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो! डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हेही तिथेच, 'यूजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली. सी फॉरमॅट झाला की हे सगळं पुसलं जातं. लॅपटॉप देताना पावतीवर लिहूनच घ्या: 'डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये.' तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आतल्या टेबलापर्यंत पोहोचेलच असं नाही.

जुन्या हार्ड डिस्कवर चुकून फॉरमॅट झालं तरी बरंच काही परत मिळू शकतं, कारण वर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. एसएसडीत ती सवलत जवळपास नाही. ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा आतून रिकामी करून टाकते. विंडोज स्वतःहून 'रीसेट'चा पर्याय दाखवतं, तिथेही थांबा. 'कीप माय फाइल्स' निवडायचं असेल तरी आधी कॉपी काढा.

विंडोजशिवाय फाइल्स निघत नाहीत असं समजणं

निघतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) डाउनलोड करा आणि रुफस या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्ह यात पूर्ण पुसला जातो, तेव्हा रिकामाच घ्या. तो लावून लॅपटॉप सुरू करताना डेल किंवा लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ दाबलं की बूट मेनू, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणारी यादी येते. तिथे पेनड्राइव्ह निवडा आणि पुढे 'ट्राय उबंटू' घ्या, 'इन्स्टॉल' नको. तुमची डिस्क दिसली की फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा.

लॅपटॉपमध्ये जीवच नसेल तर डिस्क बाहेर काढावी लागते. अडीच इंची डिस्कला यूएसबी-साटा केबल पुरते. एम.२ एसएसडी (छोट्या पट्टीसारखी) घेऊन एनक्लोजर, म्हणजे ती बसवून यूएसबीने जोडायची डबी, आणायला जाताना मात्र तिची जोडणी साटा प्रकारची आहे की एनव्हीएमई, हे लेबलवर बघून जा. दिसायला दोन्ही सारख्याच असतात. काही स्वस्त लॅपटॉप आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावरच पक्कं बसवलेलं असतं, तिथे बोर्ड दुरुस्त करण्याशिवाय गत्यंतर नाही.

डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर 'फॉरमॅट करा' असा संदेश आला तर कॅन्सल. फोल्डर उघडायची परवानगी नाही असं म्हणालं तर 'कंटिन्यू' दाबा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी की, म्हणजे किल्ली, मागत असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून शोधा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाला विचारा. मदरबोर्ड बदलल्यावर हीच की लागते, म्हणून बोर्ड बदलायला देण्यापूर्वीच ती हाताशी ठेवा. ती नसेल तर मायक्रोसॉफ्टही कुलूप उघडून देऊ शकत नाही. "क्रॅक करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

टिक-टिक करणाऱ्या डिस्कवर प्रयोग करणं

हार्ड डिस्कमधून ठराविक लयीत टिक-टिक येत असेल तर ती ताबडतोब बंद करा. बिघडलेलं हेड तबकडीवर घासत असेल तर चालू राहण्याचा प्रत्येक मिनिट नुकसान वाढवतो. घरी स्क्रू खोलू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका. हे काम डेटा रिकव्हरी लॅबचं आहे. खर्च मोठा असतो, म्हणून आधी अंदाजपत्रक मागा.

आवाज नाही, पण डिस्क फार हळू चालतेय? मग चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय) चालवू नका. ती फाइल सिस्टीम सावरायला बघते, त्यात तुमच्या फाइलचे तुकडे पडले तरी तिला चालतं, शिवाय आजारी डिस्कवर ताणही येतो. डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने आधी पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि फोटोरेकसारखी हरवलेल्या फाइल्स शोधणारी साधनं त्या प्रतीवर चालवा. सापडलेल्या फाइल्स मूळ डिस्कवर कधीही सेव्ह करू नका.

फोटो घेतले, बाकी विसरलं

टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीप्राइममध्ये तो सहसा 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो, जुन्या ईआरपी ९ मध्ये थेट सी ड्राइव्हवरच्या टॅलीच्या फोल्डरमध्ये. कुठे ठेवलाय ते सीएंना किंवा अकाउंटंटला विचारून घ्या. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या पत्रिका, कवितासंग्रह, संस्थेची इतिवृत्तं असतील तर विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डरही उचला. फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण मराठीच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात.

कॉपी झाल्यावर वेगवेगळ्या फोल्डरमधल्या काही फाइल्स उघडून बघा. टॅलीची कंपनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि व्हाउचर दिसले, की लॅपटॉप दुरुस्तीला द्यायला हरकत नाही.