कॅमेरा सुरक्षेसाठी, आणि बघतंय सगळं जग? या चुका टाळा

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका सराफी दुकानात गेलो होतो. तक्रार एवढीच, की मालकांच्या मोबाइलवर चित्र अडकतंय. राउटरचं सेटिंगचं पान उघडलं तर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून आलेल्याला थेट आतल्या यंत्रापर्यंत सोडायची सोय) ८०, ५५४ आणि ८००० हे तिन्ही पोर्ट, म्हणजे आत शिरायची दारं, सताड उघडी. डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) युजर ॲडमिन, पासवर्ड १२३४५. लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आत आलं त्या नोंदीत, रात्री दोन-अडीचला अनोळखी आयपींवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यांवरून) लॉगिन. तिजोरीवरचा कॅमेरा परकी माणसं बघत होती आणि अपलोडची लाइन त्यांच्यातच वाटली जात होती.

“आमच्या कोपऱ्यातला कॅमेरा कुणाला घावणार?” हा समज सगळ्यात घातक. गूगल वेबसाइटची पानं वाचतं. शोडान हे सर्च इंजिन २००९ पासून थेट आयपी पत्त्यांची दारं ठोठावतं आणि आतलं यंत्र काय उत्तर देतं ते नोंदवून ठेवतं. आयपीव्ही४ या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे ४३० कोटी. २०१३ मध्येच मिशिगन विद्यापीठाच्या झेडमॅप या टूलने ते एका संगणकावरून पाऊण तासात चाळून दाखवले. त्यात राजारामपुरी काय आणि न्यूयॉर्क काय, सगळं सारखंच.

पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई व्हायरसने कंपनीनेच घालून दिलेले साठेक युजर-पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते.

“मी पोर्ट उघडलाच नाही” असं बरेच जण सांगतात, आणि ते खरंही असतं. यूपीएनपी नावाचं सेटिंग चालू असेल तर कॅमेरा स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतो. म्हणून ते राउटर आणि डीव्हीआर दोन्हीकडे बंद करा. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे दुकानाच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद खासगी वाट, वापरा. फर्मवेअरचे (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट येणं बंद झालेला जुना डीव्हीआर इंटरनेटला जोडूच नका. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड दुकानदारांना हात जोडून सांगतो, ट्रायल रूमच्या आसपास कॅमेरा नकोच.

तपासताना एक चूक हमखास होते: दुकानाच्याच वायफायवरून बघणं. दुकानाच्या वायफायवर असतानाच दुकानाचा पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) लिहून घ्या. मग वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून तो आयपी ब्राउझरमध्ये टाका, मग त्यापुढे कोलन देऊन पोर्ट नंबर जोडून पुन्हा बघा. लॉगिनचं पान आलं, तर दार उघडं आहे.

कुणी शिरल्याचं दिसलं तर रीसेट मारण्याआधी लॉगचे फोटो काढा आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या. गुजरीत आधी तेच केलं. मग पासवर्ड बदलला, पोर्ट फॉरवर्डिंगच्या तिन्ही ओळी पुसल्या, राउटर बंद करून चालू केला. मोबाइल डेटावरून पान उघडलं नाही.