दोन माईकवर घरी ड्रम कसे रेकॉर्ड करावेत

दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि एकाच मॉडेलचे दोन कंडेन्सर माईक (बारीक आवाजही टिपणारे, वीज लागणारे) एवढ्यावर घरी ड्रमचं चांगलं रेकॉर्डिंग होतं. मात्र दोन्ही माईकमध्ये सगळं किट एकत्रच येतं, त्यामुळे नंतर नुसता स्नेअर (मांड्यांसमोरचा कडक आवाजाचा ड्रम) वाढवणं किंवा हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) कमी करणं जमत नाही. जे ऐकू यायला हवं ते खोलीतच तसं वाजायला हवं, म्हणून सुरुवात ड्रमपासून.

खड्डे पडलेली हेड्स (ड्रमवरचे पडदे) बदला. ट्यून करताना समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, एका वेळी पाव फेराच फिरवा. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत स्टिकने हलकेच टकटक करून पाहा. सगळीकडे सूर सारखा लागला पाहिजे. स्नेअर फार घुमत असेल तर कडेला टेपची छोटी घडी चिकटवा. किकमध्ये (पायाने वाजणारा मोठा ड्रम) एक उशी ठेवा, दोन्ही हेडना जेमतेम टेकेल अशी. किकचं पेडल कुरकुरत असेल तर तेल आजच घाला. हा आवाज नंतर काढता येत नाही.

किट कोपऱ्यात लावू नका, तिथे खर्ज फुगतो. फरशीवर जाड सतरंजी, भिंतींशी उभ्या गाद्या. स्लॅब नऊ फुटांच्या आसपास असेल तर माईकच्या वर एक गोधडी ताणून बांधा, कारण छतावरून परतलेला आवाज माईकमध्ये शिरून सिंबल (झांजा) कर्कश करतो. पंखा बंद.

आता माईक. इथे रेकॉर्डरमन पद्धत वापरा, म्हणजे स्नेअर आणि किक दोन्ही माईकपासून सारख्या अंतरावर ठेवायची पद्धत. पहिला माईक स्नेअरच्या मध्याच्या बरोबर वर, दोन स्टिक उंचीवर, म्हणजे साधारण 80 सेंटिमीटरवर, तोंड खाली. मग सुतळी घ्या. एक टोक स्नेअरच्या मध्यावर आणि दुसरं किकवर बीटर (पेडलचा हातोडा) आदळतो तिथे चिकटवा. सुतळी पहिल्या माईकपर्यंत ताणून नेऊन तिथे चिमटीत धरा. चिमूट न सोडता, दोन्ही बाजू ताणलेल्याच ठेवून ती ड्रमरच्या उजव्या खांद्यावर आणा. चिमूट जिथे येईल तिथे दुसरा माईक, स्नेअरकडे तोंड करून.

हा खटाटोप टाळू नका. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. स्नेअर एका माईकपासून तेवढा जास्त लांब असेल, तर दोन्ही ट्रॅक एकत्र होताना 500 हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खातो आणि स्नेअर पोकळ लागतो. हे इक्वलायझरने भरून निघत नाही. बूम स्टँडचे स्क्रू घट्ट करा. टेक चालू असताना दांडा खाली झुकला की मोजमाप वाया गेलं.

इंटरफेसवर 48 व्होल्ट (कंडेन्सर माईकला लागणारी वीज) चालू करण्याआधी स्पीकरचा आवाज बंद करा. रेकॉर्डिंग 24 बिटवर. गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावताना ड्रमरला गाण्यातला सगळ्यात जोरदार भाग वाजवायला सांगा, कारण चाचणीच्या वेळी सगळेच हळू वाजवतात. मीटरवरची शिखरं उणे 10 ते उणे 12 डेसिबलवर असू द्या. दोन्ही गेन बटणांच्या आकड्यांवरून नव्हे, तर स्नेअर दोन्ही ट्रॅकवर सारखा येईल असे जुळवा. मग पहिला माईक डावीकडे, दुसरा उजवीकडे पॅन करा, म्हणजे त्या त्या बाजूच्या स्पीकरमध्ये पाठवा. स्नेअर आणि किक मधोमध ऐकू यायला हवेत.

आठ मात्रांचा एक तुकडा रेकॉर्ड करून मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही ट्रॅक एकत्र करून, ऐका. स्नेअर बारीक झाला तर सुतळीने परत मोजा. सिंबलचा आवाज बाकी ड्रमवर चढत असेल तर सिंबल खाली आणा. उंच लावलेले सिंबल माईकच्या जवळ जातात. हाय-हॅटचा इलाज ड्रमरच्या हातात आहे: हॅट हलकी, स्नेअर ठाम.

या मांडणीत किक थोडी कमीच पडते. चार इनपुट असतील तर एक डायनॅमिक माईक (मोठा आवाज सहज झेलणारा) किकच्या पुढच्या भोकात चारेक सेंटिमीटर आत ठेवा आणि त्या ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलटी-सुलटी करून, जास्त भरीव वाटेल ती ठेवा. दोनच इनपुट असून रॉकसारखं जड संगीत असेल तर स्टिरिओचा मोह सोडावा: एक माईक वर, एक किकला. अशा गाण्यात रुंदीपेक्षा किकचा ठोका जास्त लागतो.