जर्मनीत आल्यावर आकडे कसे वाचायचे, गावाकडच्या पोट्ट्यांसाठी

आपल्या यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यातून जे पोट्टे-पोट्टी आता इकडं शिकायला नाहीतर नर्सिंगला येऊन राहिले त्यांच्यासाठी लिहून राहिलो. जाकीट कोणतं घ्यायचं, तूरडाळ कुठं मिळते हे सगळेच सांगतात, आकड्यांचं कोणी सांगत नाही अन पहिला फटका तिथंच बसतो.

इथं हजारापाशी टिंब देतात अन दशांशाच्या पॉइंटच्या जागी कॉमा. मला हे माहीत नव्हतं, पहिल्याच महिन्यात घराचं डिपॉझिट पाठवताना १,३५० टाकलं अन मालकाच्या खात्यात गेले एक युरो पस्तीस सेंट, दोन रात्री झोप नाही की खोली हातची जाते का काय.

स्टुडंट व्हिसाच्या ब्लॉक अकाउंटला, म्हणजे राहण्या-खाण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याला, सध्या ११,९०४ युरो लागतात, इथल्या कागदावर ते ११.९०४ दिसते. यात एक सोय पण आहे बरं, युरो शंभर रुपये धरला की टिंबाच्या जागी सरळ लाख वाचा, म्हणजे ११.९०४ म्हणजे जवळपास अकरा लाख नव्वद हजार. घरी सांगायला एकदम सोपं.

लाख-कोटी इथं कोणाला कळत नाही. मिलियन म्हणजे दहा लाख, आपला अब्ज म्हणजे यांचं मिलियार्डे, अन जर्मन बिलियोन म्हणजे लाख कोटी, इंग्रजीतल्या बिलियनच्या हजार पट, पेपर वाचताना सांभाळा. लोनचं पत्र, सीएचं सर्टिफिकेट यावर १८,००,००० लिहिलेलं असते, ऑफिसातल्या माणसाला कॉमा चुकल्यासारखा वाटतो, म्हणून निघायच्या आधीच त्याच कागदावर इंग्रजी पद्धतीनं १,८००,००० अन अक्षरी वन मिलियन एट हंड्रेड थाउजंड असं लिहून आणा. मी सांगतो म्हणून करा, नंतर गावाहून कागद मागवायला लय दिवस जातात.

बाकी जर्मन मोजणीला घाबरू नका, मराठीवाल्याला ती जवळची आहे. पंचवीसला हे पण आधी पाच मग वीस म्हणतात. दीडला यांच्याकडं वेगळा शब्द आहे, आन्डरथाल्ब. अन घड्याळात अडीचला म्हणतात हाल्ब द्राय, म्हणजे तिसरा अर्धा, आपला अडीच पण संस्कृतच्या अर्धतृतीयवरूनच आला ना! साडेतीन समजून गेलात तर अपॉइंटमेंट गेली.

पण लाख सोडू नका. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत एकपासून परार्धापर्यंत अठरा नावं दिली, परार्धात एकावर सतरा शून्य, एवढं आपल्याकडं आहे. माझी लेक इथंच जन्मली, बाबांनी फोनवर सांगितलं की लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे, शंभर क्विंटलचे किती झाले सांग, तर ती म्हणे आठशे अकरा हजार. बाबा म्हणे, "लाखात सांग ना माय." मग दोघींनी बसून एकं दहं शतं केलं, माझ्या बायकोनं अन तिनं, चार संध्याकाळी लागल्या. आता ती फोन उचलल्याबरोबर विचारते, आबाजी, वावरात किती क्विंटल निघाला?