चित्रकार्डं आहेत, पण मूल वापरत नाही? या चुका टाळा

शेवेचं कार्ड त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते त्याच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "हे काय आहे? बोल आधी, शे-व." तो उठून गेला आणि चार दिवस कार्डांच्या वहीकडे फिरकला नाही. लेक तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि बोलण्याऐवजी चित्राचं कार्ड देऊन हवं ते मागायला शिकत होता. चूक माझी होती. त्यानं एकदा मागितलं होतं, मी दुसऱ्यांदा मागायला लावत होते.

कार्ड हातात पडलं की वस्तू लगेच द्यायची. "शेव" हा शब्द आपण म्हणायचा. त्यानं म्हटलाच पाहिजे अशी अट नको. कार्डांची सवय लागली की मूल बोलणारच नाही, ही भीती घरोघरी असते, माझ्या सासूबाईंना तर फारच होती. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी चित्रं, खुणा अशा मार्गांनी संवाद शिकवलेल्या, विकासात्मक अडचणी असलेल्यांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. नीट नोंदी असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

दुसरी खोड म्हणजे सारखं "काय हवंय?" विचारणं. मग मूल प्रश्नाचीच वाट बघत बसतं. अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये बसवलेल्या, चित्रकार्ड देऊन मागायला शिकवणाऱ्या 'पेक्स' (PECS) पद्धतीत सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. समोरच्यानं आवडीची वस्तू दिसेल अशी धरून गप्प बसायचं. मुलानं वस्तूकडे हात नेला की मागच्यानं तो हात धरून कार्ड उचलायला, द्यायला मदत करायची आणि ही मदत हळूहळू काढून घ्यायची. मागच्यानंही तोंड उघडायचं नाही! आमच्याकडे मागे आजोबा बसायचे आणि "दे, आईला दे" म्हणायचे. परिणामी "दे" ऐकल्याशिवाय कार्ड हलेना.

हाताला येईल ते कार्ड देतो? मग चित्र अजून कळलेलं नाही. दोनच कार्डं ठेवा, एक कुरमुऱ्यांचं आणि एक मोज्याचं. मोज्याचं दिलं तर खरंच मोजा हातात द्या. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. कार्ड चावत असेल तर लॅमिनेट करा. वही मात्र त्याच्या हाताला येईल अशीच हवी. पाहुणे आले की आमची वही कपाटावर जायची, म्हणजे नेमकं ज्या दिवशी घरात गोंगाट, त्याच दिवशी पोराची वाचा बंद.

कार्डांऐवजी चित्रांचं अ‍ॅप वापरणार असाल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मराठीतही आहे. पण ज्या फोनवर कार्टून लागतात त्यावर ते घालू नका. आणि आपणही बोलताना त्याच चित्रांवर बोट ठेवायचं. घरात कुणीच ती भाषा वापरत नसेल तर तो शिकणार कुणाकडून?

सगळ्यात उशिरा सुधारलेली चूक: आमच्या वहीत नुसता खाऊ होता. 'नको', 'बास', 'मदत' ही कार्डंच नव्हती, त्यामुळे नको असलं की चावा. शेवटी 'नको'चं कार्ड केलं. ते त्यानं पहिल्यांदा मला दिलं, सराव चालू असतानाच. मी वही मिटली.