जँगोच्या 'समर ऑफ कोड' कल्पना-बैठकीआधी काय काय तयार ठेवावं

गुगल समर ऑफ कोड हा मुक्त स्रोत प्रकल्पांत नवख्यांना मार्गदर्शकांच्या (मेंटॉरांच्या) हाताखाली उन्हाळाभर काम देणारा गुगलचा कार्यक्रम. त्यासाठी मुक्त स्रोत संस्थांचे अर्ज जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि दोनेक आठवड्यांत बंद होतात. अर्जासोबत प्रकल्पांच्या कल्पनांची यादी द्यावीच लागते, आणि संस्था निवडताना सगळ्यात जास्त वजन त्या यादीलाच असतं. त्यामुळे कल्पनांची बैठक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला हवी. नाताळनंतर युरोप-अमेरिकेतली मेंटॉर मंडळी कामावर येईपर्यंत मुदत तोंडावर आलेली असते, मग मागच्या वर्षीची यादी तारीख बदलून पाठवली जाते आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. पुढची तयारी जँगो ही पायथनमधली वेब-चौकट डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे, पण वेब प्रोग्रामिंगच्या कुठल्याही जुन्या, जपून बदलणाऱ्या लायब्ररीला ती थोड्याफार फरकानं लागू पडेल.

बैठकीला बसताना सर्वांत आधी जँगोचं रिलीजचं वेळापत्रक समोर ठेवा. दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि तिच्या अल्फाच्या, म्हणजे पहिल्या चाचणी-आवृत्तीच्या, दिवशी नवी वैशिष्ट्यं घेणं बंद होतं. विषम वर्षांत हा अल्फा सप्टेंबरच्या मध्याला पडतो, कारण डिसेंबरमध्ये शून्याची आवृत्ती यायची असते: ३.०, ४.०, ५.० आणि ६.० अनुक्रमे २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ च्या डिसेंबरात आल्या. समर ऑफ कोडचं नेहमीचं वेळापत्रक ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतं. म्हणजे विषम वर्षी मोठं काम शेवटच्या आठवड्यात पूर्ण झालं, तर रिव्ह्यूला, म्हणजे इतरांनी कोड तपासायला, जेमतेम दोन आठवडे उरतात. सम वर्षी मात्र पुढचा अल्फा थेट जानेवारीत असतो आणि मधे चार महिने मिळतात. २०२४ च्या उन्हाळ्यात झालेलं शेलमधल्या (जँगोच्या कमांड-खिडकीतल्या) आपोआप इंपोर्टचं काम एप्रिल २०२५ च्या ५.२ मध्ये सहज बसलं. उलट २०१९ च्या उन्हाळ्यातलं सगळ्या डेटाबेसवर चालणारं जेसनफील्ड (जेसन स्वरूपातला डेटा साठवणारं फील्ड) ३.० मध्ये आलं नाही, ते ऑगस्ट २०२० च्या ३.१ मध्ये आलं. कुणाचं काम कमी पडलं म्हणून तसं झालं नाही. प्रत्येक डेटाबेसची वेगळी तऱ्हा सांभाळणाऱ्या बदलाला तेवढा रिव्ह्यू लागतोच. म्हणून प्रत्येक कल्पनेसमोर 'ही कुठल्या आवृत्तीत जाईल' हे लिहिण्यासाठी एक रकाना ठेवा. तो रिकामा राहिला तर ती कल्पना अजून कच्ची आहे असं समजा.

यानंतर ट्रॅकवरची, म्हणजे जँगोच्या चुका-सूचना नोंदवण्याच्या प्रणालीवरची, तिकिटं चाळून ठेवा. हे काम बैठकीत करायचं नाही, आधी करायचं. 'स्वीकारलेली' या टप्प्यावरची तिकिटं घटकानुसार वेगळी काढा: डेटाबेस थर, अ‍ॅडमिन, फॉर्म, व्यवस्थापन कमांड, टेस्टची चौकट. त्यातली पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) असलेली पण सुधारणा हवी म्हणून अडकलेली तिकिटं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. उन्हाळी प्रकल्पासाठी हा गठ्ठा सोन्यासारखा आहे, कारण बदल हवा आहे हे ठरलेलं असतं, आधीच्या रिव्ह्यूमधल्या हरकती लिहिलेल्या असतात आणि फक्त सलग वेळ देणारा माणूस मिळालेला नसतो. 'कधीतरी, कदाचित' या टप्प्यावरचं तिकीट मात्र कितीही आकर्षक वाटलं तरी यादीत घेऊ नका. नवं वैशिष्ट्य असेल तर त्यावर आधी चर्चा होऊन होकार मिळालेला हवा, आणि त्या चर्चेचा दुवा कल्पनेखाली द्यायला हवा. चर्चा जूनमध्ये सुरू झाली तर मुलाचा, म्हणजे निवडल्या गेलेल्या अर्जदाराचा, अर्धा उन्हाळा उत्तराची वाट बघण्यात जातो. प्रकल्प फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे, आणि त्यात मुलाचा काहीच दोष नसतो.

कल्पनेचा आकार जोखायला जँगोचाच इतिहास जवळ ठेवा. संयुक्त प्राथमिक की, म्हणजे डेटाबेसमधली ओळ ओळखणारी, दोन-तीन स्तंभ मिळून बनणारी की, हे तिकीट क्रमांक ३७३, २००५ सालचं. २०११ आणि २०१३ च्या उन्हाळ्यांत त्यावर काम झालं, दोन्ही वेळा ते मुख्य कोडमध्ये पोचलं नाही, आणि शेवटी वीस वर्षांनी, एप्रिल २०२५ च्या ५.२ मध्ये, संयुक्त की आली. तेव्हाही त्या मॉडेलकडे फॉरेन की (दुसऱ्या तक्त्याकडचा दुवा) रोखता येत नव्हती आणि ते अ‍ॅडमिनमध्ये नोंदवता येत नव्हतं. अडचण कुठे होती ते पाहा: प्राथमिक की म्हणजे एकच स्तंभ, हे गृहीतक फॉरेन कीमध्ये, अ‍ॅडमिनच्या यूआरएलमध्ये, कंटेंट टाइपच्या ऑब्जेक्ट आयडीमध्ये, माइग्रेशनमध्ये, हटवण्याच्या साखळीत, सगळीकडे मुरलेलं आहे. एका जागी हात घातला की पाच जागा हलतात. बारा आठवड्यांत हे होत नाही. याच्या उलट टोकाला टेम्प्लेट पार्शल्स, म्हणजे टेम्प्लेटचे नाव देऊन पुन्हा वापरता येणारे तुकडे, आहेत. तो कोड आधी स्वतंत्र पॅकेज म्हणून लोकांच्या वापरात होता आणि त्याची रचना घासूनपुसून झाली होती. २०२५ च्या उन्हाळ्यात तो मुख्य जँगोत आणण्याचा प्रकल्प झाला आणि सप्टेंबरच्या अल्फाआधीच आत गेला, तोही विषम वर्ष असताना. म्हणून बैठकीआधी वापरात रुळलेल्या तृतीय-पक्ष पॅकेजांची एक यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा: लायसन्स जुळतं का, मूळ लेखकांची संमती आहे का, आणि त्यातला नेमका किती भाग मुख्य कोडमध्ये शोभेल. पूर्ण पॅकेज उचलून आणायचं नसतं. बहुतेक वेळा त्याचा एक चतुर्थांश पुरतो, बाकीचं बाहेरच बरं असतं.

मोठ्या कल्पनेचे तुकडे पाडून आणणं हे या तयारीतलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात उपयोगी काम. प्रत्येक कल्पनेखाली किमान तीन पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची, म्हणजे मर्ज करण्याची, विनंती) लिहा, आणि प्रत्येक अशी की पुढच्या दोन झाल्या नाहीत तरी ती एकटी मर्ज होऊ शकेल. पहिली शक्यतो वागणं न बदलणारी, फक्त कोडची मांडणी सुधारणारी किंवा टेस्ट वाढवणारी असावी. त्यातून मुलाला रिव्ह्यूची पद्धत कळते आणि मेंटॉरला मुलाचा वेग कळतो. असे तुकडे पाडता येत नसतील, सगळं काम एकाच महाकाय पॅचमध्ये शेवटी उतरणार असेल, तर कल्पना लहान करा किंवा सोडून द्या. चार हजार ओळींचा पॅच सप्टेंबरमध्ये वाचायला कुणी मिळत नाही.

तासांचा हिशोब बैठकीत अंदाजानं नको, कागदावर करून आणा. समर ऑफ कोडमध्ये प्रकल्प साधारण ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. बारा आठवड्यांत ३५० तास म्हणजे आठवड्याला जवळपास २९ तास, आणि १७५ म्हणजे सुमारे १५. जँगोत पॅच पूर्ण होतो तेव्हा त्यात टेस्ट असते, संदर्भ डॉक्युमेंटेशन असतं, रिलीज नोट असते आणि हे कुठल्या आवृत्तीपासून आहे याची नोंद असते. एकूण तासांपैकी एक तृतीयांश या गोष्टींसाठी आणि आणखी एक पंचमांश रिव्ह्यूनंतरच्या दुरुस्त्यांसाठी बाजूला काढा. उरलेल्या वेळात जेवढा कोड बसेल तेवढाच प्रकल्प. डेटाबेस थराला हात लागणार असेल तर गणित आणखी आवळतं, कारण पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी, ओरॅकल आणि एसक्यूलाइट, सगळीकडे चालायला हवं. जेसनफील्डच्या कामात मारियाडीबीत जेसन प्रकार हा आतून मोठा मजकूर-स्तंभच असतो, ओरॅकलमध्ये वैधतेची अट घालून मोठ्या मजकुरात साठवावं लागतं, आणि एसक्यूएलमधला नल व जेसनमधला नल यांत फरक करावा लागतो, अशा गोष्टी एकेक करून सोडवाव्या लागल्या. अर्जदाराच्या लॅपटॉपवर ओरॅकल नसतं. म्हणून अशा कल्पनेसोबत डॉकरमधून (सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डब्यांत चालवणाऱ्या साधनातून) सगळे डेटाबेस चालवायची सूचना तयार ठेवा, आणि ती कमी मेमरीच्या यंत्रावर, एकेक डेटाबेस चालू करून, आधी स्वतः तपासून पाहा. सगळे एकदम सुरू केले की आठ जीबीचं यंत्र गुदमरतं आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आता माणसं. कल्पना मांडणाऱ्यानंच मेंटॉर व्हावं असं नाही, पण प्रत्येक कल्पनेला दोन नावं हवीतच, आणि त्यातलं एक तरी कोडचा तो भाग जाणणारं हवं. बैठकीआधी प्रत्येकाला तीन गोष्टी लेखी विचारून ठेवा: जून ते ऑगस्टमधली सुट्टी कधी, आठवड्याला चार-पाच तास खरोखर निघतील का, आणि मर्ज करण्याचा अधिकार आहे का. दोन्ही मेंटॉरांना तो अधिकार नसेल तर ज्यांना आहे त्यांच्यापैकी कुणाचं तरी लक्ष राहील याची आधीच बोलणी करा. जँगोचे पगारी फेलो, म्हणजे देखभालीसाठी नेमलेले लोक, रिव्ह्यूचा मोठा भार उचलतात, पण त्यांना गृहीत धरून पाच प्रकल्प मांडणं अन्यायाचं आहे. मध्यावधी आणि अंतिम मूल्यमापन मेंटॉरनं मुदतीत भरायचं असतं. त्या आठवड्यांत दोघंही प्रवासात नसतील हे आताच पाहून घ्या.

अर्जदारांत भारतातल्या मुलांची संख्या मोठी असते, आणि पुणे-मुंबईसह इथल्या बऱ्याच विद्यापीठांच्या सत्र परीक्षा मे-जूनमध्ये येतात. ओळख-परिचयाचा महिना (निवडीनंतरचा, कोडिंगआधीचा काळ) आणि कोडिंगचे पहिले आठवडे नेमके तेव्हाच. कल्पनेत पहिल्या दोन आठवड्यांसाठी हलकं काम ठेवलं, किंवा मुदत वाढवून घेण्याची सोय आहे हे स्पष्ट लिहिलं, तर परीक्षा लपवण्याची वेळ मुलांवर येत नाही. साप्ताहिक बैठकीसाठी भारतात संध्याकाळी साडेसात ही वेळ सोयीची पडते: तेव्हा उन्हाळ्यात मध्य युरोपात दुपारचे चार आणि न्यूयॉर्कला सकाळचे दहा असतात. शिवाय २०२२ पासून हा कार्यक्रम फक्त विद्यार्थ्यांसाठी राहिलेला नाही. अठरा वर्षांवरचा, मुक्त स्रोतात नवखा असलेला कुणीही अर्ज करू शकतो, म्हणून कल्पनेच्या मजकुरात 'विद्यार्थी' या शब्दावर अडून राहू नका. नोकरी सांभाळून १७५ तास देणारी माणसंही येतात आणि त्यांना वेगळा वेग लागतो.

अर्जदारांची पारख करण्यासाठी छोट्या कामांचा साठा प्रत्येक कल्पनेसोबत हवा. 'सोपं' अशी खूण असलेली तिकिटं फेब्रुवारीत काही तासांत उचलली जातात आणि एकाच टायपोवर चार पुल रिक्वेस्ट येतात. त्याऐवजी कल्पनेच्या भागातल्याच आठ-दहा बारीक गोष्टी काढून ठेवा: एखादी न तपासलेली शाखा जिच्यासाठी टेस्ट लिहिता येईल, एखादी गोंधळात टाकणारी एरर, जुन्या तिकिटातली चूक आजही होते का याचा पडताळा. शेवटचा प्रकार मला विशेष आवडतो, कारण त्याला कोड वाचावा लागतो आणि तो एआयकडून लिहून घेतलेल्या गुळगुळीत प्रस्तावातून भागत नाही. प्रस्तावात काय हवं तेही नेमकं लिहा: आठवड्यांचं वेळापत्रक, प्रत्येक पुल रिक्वेस्टचं एका वाक्यात वर्णन, आधीच्या चर्चेतल्या दोन हरकती आणि त्यांवर अर्जदाराचं उत्तर. एका अर्जदाराला तीनच प्रस्ताव पाठवता येतात, त्यामुळे मन लावून लिहिणारा हे वाचतो.

बैठक नव्वद मिनिटांत आटोपते, तयारी झाली असेल तर. पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आणलेले कागद वाचावेत. मोठ्यानं सादरीकरण केलं की चांगलं बोलणाऱ्याची कल्पना पुढे जाते. मग प्रत्येक कल्पनेवर एकच प्रश्न: उद्या ही तयार होऊन आली तर कोण रिव्ह्यू करेल? हात वर झाला नाही की ती बाजूला ठेवा, तिच्यावर वाद घालू नका. उरलेल्यांचा मजकूर ठरलेल्या साच्यात तिथेच भरा: शीर्षक, दोन-तीन परिच्छेदांचं वर्णन, अपेक्षित निष्पत्ती, लागणारी कौशल्यं, मेंटॉर, तास आणि काठिण्य. 'अपेक्षित निष्पत्ती' इथे 'सुधारणा' असा शब्द आला की तो खोडून 'अमुक कमांडला अमुक पर्याय, टेस्ट आणि डॉक्युमेंटेशनसह' असं लिहा. पाच-सहा कल्पना उरल्या तर उत्तम. बाद झालेल्या प्रत्येक कल्पनेचं कारण त्याच कागदावर एका ओळीत नोंदवा, म्हणजे पुढच्या डिसेंबरला तीच चर्चा पुन्हा करावी लागणार नाही. निवडीनंतर स्लॉट (किती प्रकल्प घेणार तो आकडा) मागताना मेंटॉरांच्या पक्क्या जोड्या मोजा आणि तेवढेच मागा. संस्थेच्या अर्जावर किमान दोन प्रशासक लागतात. त्यांची नावं बैठक उठण्याआधी ठरवा, आणि त्यातलं एक यंदा कुठल्याही प्रकल्पाचं मेंटॉर नसेल असं पाहा, म्हणजे मेंटॉर आणि मुलाचं बिनसलं तर मुलाला बोलायला एक माणूस मोकळा राहतो.